गुळाला सूट नाही : गरोदरपणात वजन आणि साखर कशी सांभाळायची

कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात आरोग्य सेविका होते. आता निवृत्त आहे, तरी दिवस गेले की गल्लीतल्या पोरी कार्ड घेऊन दारात येतात. त्यांना सांगते तेच इथं लिहिते.

दिवस जायच्या आधीचं वजन आठवून वहीत लिही. सगळा हिशेब त्यावर आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भाग. उंची १.५५ आणि वजन ५२ असेल, तर उत्तर साडेएकवीसच्या आसपास, म्हणजे चांगलं. अशा बाईचं साडेअकरा ते सोळा किलो वाढावं असं तक्ता सांगतो. आपल्याकडचे डॉक्टर बहुधा दहा-बारावरच समाधानी असतात. उत्तर २५ च्या वर गेलं तर सात ते साडेअकरा, ३० च्या वर तर पाच ते नऊ. १८.५ च्या खाली असलीस तर मात्र साडेबारा ते अठरा वाढवायचंय, तिथं लाजू नकोस.

पहिल्या तीन महिन्यांत फारसं वाढत नाही, ओकाऱ्यांनी घटतंसुद्धा. पुढं आठवड्याला साधारण पाव ते अर्धा किलो. एकाच काट्यावर, सकाळी, काही खायच्या आधी बघ. अचानक भराभर वाढलं, तोंड-हात सुजले, डोकं दुखायला लागलं, तर जेवणाला दोष देत बसू नकोस. त्याच दिवशी बीपी मोजून घे.

‘दोन जिवांचं खा’ हे घरोघरी ऐकशील. चौथ्या महिन्यापासून जास्तीचं लागतं ते दिवसाला ३५० कॅलरी. एक भाकरी, वाटीभर उसळ, कपभर दूध, झालं. आणि गूळ! गुऱ्हाळाच्या मुलखात राहून हे बोलायचं म्हणजे शिव्या खायचं काम. पण साखर बंद करून चहात गूळ घातला, भाकरीवर काकवी ओतली, तर रक्तातली साखर वाढायची ती वाढतेच. रक्तासाठी लोहाच्या गोळ्या आहेत. डोहाळजेवणाचा एक लाडू खा, डबा उशाला ठेवू नकोस. तांबडा-पांढरा खुशाल भुरक, आडवा येतो तो सोबतचा भाताचा डोंगर. मिसळीतली मटकी चांगली, फरसाण आणि ब्रेडवर हात आखड. गंगावेशीचं धारोष्ण दूध मात्र आत्ता नको, उकळूनच पी.

आता साखरेची तपासणी. ‘मी तर बारीक आहे, मला कशाला?’ असं म्हणू नकोस. वारेतून, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या नाळेच्या मुळाशी असते तिच्यातून, सुटणारी संप्रेरकं साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत, आणि हे बारीक बाईतही होतं. वजन जास्त असेल, आई-वडिलांना मधुमेह असेल, पीसीओडी (पाळी बिघडवणारा बीजकोशाचा त्रास) असेल किंवा आधीचं बाळ फार मोठं झालं असेल, तर धोका वाढतो. पहिल्या भेटीला एकदा, मग २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. सरकारी दवाखान्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात देतात, त्याला उपाशी राहावं लागत नाही. पाच-दहा मिनिटांत संपव आणि दोन तास जागेवर बस. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन तासांनी १४० किंवा जास्त आली, तर गरोदरपणातला मधुमेह.

आली तरी रडायचं नाही. आधी दोन आठवडे पथ्य. थोडं थोडं, वेळेवर खायचं, आणि डॉक्टर हो म्हणाले तर जेवणानंतर चालायचं. रंकाळ्यावर जा, पण भेळेच्या गाड्यांची बाजू सोडून. जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली आली नाही, तर गोळ्या किंवा इन्सुलिन. सुईला भिऊन टाळलंस तर तुझी साखर वारेतून बाळाकडं जाते, ते स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं आणि फार मोठं होतं. जन्मल्यावर नाळ कापली की त्याचीच साखर एकदम घसरू शकते, म्हणून तासाभरात अंगावर पाजायचं.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तुझी पुन्हा तपासणी. ती विसरतात, कारण सगळं घर बाळात गुंतलेलं असतं. बाळाची दीड महिन्याची लस तेव्हाच असते, त्याच फेरीत उरकून टाक. ही तपासणी मात्र उपाशीपोटी करतात, तेव्हा निघताना चहा घेऊ नकोस.