पिकअपचं ॲव्हरेज अचानक पडलं तर: गॅरेजला नेण्याआधीची तयारी

जुनी डिझेल पिकअप १३ देत होती आणि आठवड्याभरात १० वर आली की सगळ्यांच्या तोंडी एकच येतं: इंजिनाचा डिझेल पंप गेला, नाहीतर डिझेल फवारणारे नोझल गेले. पंपाला आणि नोझलला हात लावू देऊ नका. आधी चाकं बघा, आणि तीही गाडी चालून गरम असताना. मागच्या वेळी आमच्याकडून एवढंच राहिलं. नोझल खोलले, पैसे गेले, ॲव्हरेज होतं तिथेच राहिलं.

सुरुवात मात्र आकड्यापासून. ‘दोन हजाराचं टाकलं, दोन दिवसांत संपलं’ याला माप म्हणत नाहीत. टाकी फुल करा, पेट्रोल पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथे थांबा, वरून दाबून घेऊ नका. किलोमीटर लिहा. निदान अडीचशे-तीनशे किलोमीटर रोजच्यासारखी गाडी चालवा आणि त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशिनवर, परत तशीच फुल करा. २९० किलोमीटरला २९ लिटर गेलं तर ॲव्हरेज १०, हे कागदावर आलं पाहिजे. पेट्रोल पंपाचाच संशय असेल तर ५ लिटरच्या मापाने मोजून दाखवायला सांगा, ग्राहकाचा तो हक्क आहे. ५ लिटरमागे २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त तूट आली तर तक्रार करा. टायर नुकतेच बदलले असतील आणि नवे थोडे मोठे बसवले असतील तर मीटर किलोमीटर कमी दाखवतं. अशा वेळी गाडी तेवढीच जाते, आकडाच खोटा पडतो. फोनच्या जीपीएसशी एकदा ताडून घ्या.

गेल्या महिनाभरात काय बदललं तेही लिहून काढा. नवा ड्रायव्हर, जास्त माल, मागे चढवलेला उंच सांगाडा, ठाणे-बेलापूर रोडऐवजी मुंब्रा बायपासची कोंडी, एपीएमसीच्या (बाजार समितीच्या) गेटबाहेर इंजिन चालू ठेवून उभं राहणं. गाडी रात्री उघड्यावर उभी असते का? डिझेल चोरीला जात असेल. टाकीच्या झाकणाला कुलूप लावा आणि मग पुन्हा मोजा.

मग तपासा: टायरची हवा, टायर थंड असताना. एअर फिल्टर. डिझेल फिल्टर. यावर जास्त बोलायची गरज नाही.

गळती मात्र नीट बघा. डिझेलची बारीक गळती जमिनीवर थेंब पाडेलच असं नाही. इंजिनाजवळच्या, उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या रिटर्न पाइपवर, फिल्टरच्या बैठकीखाली, टाकीच्या वरच्या जोडावर जिथे धूळ ओली होऊन काळ्या लेपासारखी चिकटलेली दिसेल तिथे बोट फिरवा आणि वास घ्या. फडक्याने पुसा, एक फेरी मारा, परत बघा. इंजिनाच्या डिझेल पंपातून येणारी जाड दाबाची नळी असेल तर इंजिन चालू असताना तिथे बोट अजिबात नेऊ नका. तिथून उडणारी डिझेलची धार कातडी फाडून आत जाते.

आता चाकं. इथे घाई नको. आपल्याकडे पावसाळ्यात गाडी साचलेल्या पाण्यातून जाते, खाडीची खारी हवा बारा महिने, आणि जुन्या पिकअपला पुढे डिस्क, मागे ड्रम असले की गंजायला जागा भरपूर. ड्रममधला व्हील सिलिंडर अर्धवट अडकतो, डिस्कवरच्या कॅलिपरचा पिस्टन परत मागे येत नाही, हँडब्रेकची केबल गंजून ओढलेलीच राहते. गाडी ब्रेक धरून चालत असते आणि डिझेल त्यात जातं. ड्रायव्हरला लगेच कळतही नाही, कारण हे हळूहळू वाढतं. ‘थोडी जड वाटते’ एवढंच तो म्हणेल. ते वाक्य मनावर घ्या.

सकाळी गॅरेजमध्ये थंड गाडी जॅकवर चढवून चाक फिरवलं आणि ते फिरलं, तर त्यावरून काहीही ठरवू नका. ब्रेक ऑइल गरम झाल्यावरच पुष्कळ चाकं धरतात. आधी पहाटे रस्ता मोकळा असताना ठाणे-बेलापूर रोडवर दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत, शक्य तितका कमी ब्रेक मारत, गाडी चालवा. मग एमआयडीसीतल्या एखाद्या रिकाम्या, सपाट आतल्या रस्त्यावर इंजिन चालू ठेवूनच ३० च्या वेगाला न्यूट्रल करा आणि गाडी आपली आपण किती लांब जाते ते बघा. उलट दिशेनेही करा, म्हणजे उताराचा घोळ राहत नाही. लवकर अडखळून थांबली तर उत्तर जवळ आलं.

लगेच उतरा आणि चारही चाकांजवळ पालथा हात न्या. टेकवू नका, चटका बसेल. डावं-उजवं एकमेकांशी ताडा: पुढचं पुढच्याशी, मागचं मागच्याशी. एक जोडीदारापेक्षा स्पष्ट जास्त गरम असेल, जळका वास येत असेल, तर तेच चाक. तापमान बघायची इन्फ्रारेड बंदूक मिळाली तर उत्तमच. गरम ड्रमवर पाण्याचा मग ओतू नका, तडा जाईल.

आणि आता, गरम असतानाच, जॅक. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्हीकडून दगड, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, खाली घोडी (लोखंडी स्टँड) लावलेली. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका, कितीही घाई असली तरी. चाक हाताने फिरवा. मागचं चाक शाफ्टमुळे थोडं जड फिरणारच, म्हणून परत जोडीशी ताडा. धरत असेल तर मेस्त्रीला ब्रेकचं निपल (चाकाजवळचा, हवा काढायचा स्क्रू) पाव फेरा सैल करायला सांगा, गॉगल लावून. तेल उडालं आणि चाक सुटलं तर दाब आत अडकला होता. एकच चाक असेल तर त्याचा रबरी होज आतून फुगलाय, दोन किंवा चारही असतील तर पेडलला जोडलेला मास्टर सिलिंडर किंवा पेडलचा फ्री प्ले (मोकळा खेळ) बघा. मागच्या दोन्ही चाकांना मिळून एकच होज असतो, तोही विसरू नका. तेल उडालं तरी चाक जामच, तर पिस्टन, व्हील सिलिंडर, लायनर (ड्रममधल्या ब्रेकच्या पट्ट्या) किंवा केबल. निपल उघडलं की नंतर ब्रेकच्या पाइपातली हवा काढायची, ती न काढता गाडी रस्त्यावर आणायची नाही. चाक हलवून खेळ बघा, घरघर ऐका, बेअरिंगही असू शकतं. एवढं सगळं गाडी थंड झाल्यावर केलं तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल.

चाकं मोकळी निघाली तरच इंजिनाकडे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: टर्बो असेल तर टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजला चीर गेलीय का बघा, चढावर शिट्टीसारखा आवाज येतो आणि घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढावर गाडी दम टाकते. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात नेणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला तरी काळा धूरच. निळा धूर असेल तर इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर डिझेल न जळता बाहेर पडतंय, नाहीतर इंजिनात पाणी जातंय. तापमानाच्या काट्याकडे बघा: इंजिन कधी गरमच होत नसेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय, किंवा कुणी तरी मागे ‘गाडी गरम होते’ म्हणून तो काढून टाकलाय. हे आपल्याकडे सर्रास होतं आणि थंड इंजिन डिझेल खातं. थर्मोस्टॅट परत बसवा. चढावर इंजिन रेस होतं पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. रेडिएटरचा पंखा सतत गरजत असेल तर त्याचा क्लच जाम.

टायर एका कडेने खरवडल्यासारखे झिजले असतील तर अलाइनमेंट.

यातलं काहीच सापडलं नाही तर मग नोझल, पंप, कॉम्प्रेशन, या क्रमाने. कॉमन रेल इंजिन (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) असेल तर काही खोलण्याआधी रिटर्न गळतीची, म्हणजे नोझलमधून किती डिझेल परत जातं याची, चाचणी करायला सांगा. काम झालं की पुन्हा टाकी फुल ते टाकी फुल मोजा. आणि गाडी पावसात बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागेवर, गिअरमध्ये, चाकाला दगड लावून, हँडब्रेक न ओढता ठेवा; लायनर ड्रमला चिकटत नाहीत.