हाताखालच्या माणसाला जाब कसा विचारावा

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सांभाळताना हे बोलणे मला इतक्या वेळा करावे लागले आहे की आता त्याविषयीचे गुळमुळीत सल्ले ऐकवत नाहीत. "आधी कौतुक करा, मध्ये चूक सांगा, शेवटी पुन्हा कौतुक करा" असे प्रशिक्षणात शिकवतात. त्याप्रमाणे केले की माणूस कौतुक घेऊन जातो आणि चूक टेबलावरच राहते. ज्याची खरोखर काळजी आहे त्याला त्याची चूक स्पष्ट कळली पाहिजे आणि ती कळताना त्याचा पाणउताराही होता कामा नये. हे कसे साधावे ते एका नेहमीच्या उदाहरणावरून सांगतो.

सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कातयंत्रावर, 25 मिलिमीटरचा एच7 बोअर, म्हणजे ठरावीक अचूकतेचे गोल भोक, चालू आहे असे समजा. या बोअरला 25.000 ते 25.021 इतकीच मुभा, म्हणजे उणेपुरे 21 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग). ऑपरेटरने दर तासाला एक पीस मोजून तपासणी पत्रकात माप लिहायचे असते. पाळी संपताना पत्रक हातात येते, तेव्हा आठही मापे एकाच पेनाने, एकाच दमात उतरवलेली असतात आणि सगळीकडे 25.012 लिहिलेले असते. इन्सर्टची, म्हणजे धातू कापणाऱ्या छोट्या पात्याची, कड झिजत जाते तसा बोअर बारीक होत जातो आणि ऑफसेट दिला, म्हणजे मशिनमध्ये तेवढी दुरुस्ती भरली, की माप पुन्हा वर येते. आठ तास एकच आकडा टिकत नाही. म्हणजे माणसाने मोजलेले नाही, पत्रक फक्त भरले आहे.

बोलण्यापूर्वी तीन-चार दिवसांची पत्रके काढून ठेवा आणि आपली बाजू तपासा. बोअर गेज मशिनजवळ आहे का, की प्रत्येक मापासाठी त्याला गुणवत्ता विभागापर्यंत चालत जावे लागते? एका माणसाला दोन मशिन दिल्या आहेत का? तसे असेल तर जाब आधी तुम्ही द्यायचा आहे. हे पाहिल्याशिवाय त्याच्यासमोर बसू नका.

जागा आणि वेळ: चारचौघांत नको, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर मुळीच नको, आणि कंपनीची बस सुटायच्या वेळीही नको. चहाच्या सुट्टीनंतर तपासणीच्या टेबलापाशी, दोघांनीच.

एक बारकावा आवर्जून सांगतो. ज्याला रोज "अरे" म्हणून हाक मारता, त्याला त्या दिवशी अचानक "अहो, जरा बसा" म्हणू नका. तुमच्या तोंडचा तो अनोळखी आदर ऐकून नोकरी गेली असेच त्याला वाटते आणि पुढचे एक अक्षरही त्याच्या कानात शिरत नाही. ज्या वडीलधाऱ्या ऑपरेटरला "काका" म्हणता त्याला काकाच म्हणा.

आता पहिले वाक्य. इथे आपली भाषाच आपल्याला पळवाट देते. मराठीत "नोंद राहून गेली", "मापं घेतली गेली नाहीत", "जरा दुर्लक्ष झालं" असे कर्त्याशिवाय सहज बोलता येते. एरवी हा सभ्यपणा असतो. जाब विचारताना मात्र तो घातक ठरतो, कारण ज्या वाक्यात कर्ता नाही त्याची जबाबदारी कोणाच्याच अंगाला चिकटत नाही. "आपण सगळ्यांनीच काळजी घेतली पाहिजे" हे त्याहून वाईट, कारण त्यात न चुकलेल्यांनाही बोल लागतो आणि चुकलेला गर्दीत मिसळून जातो. म्हणून वाक्यात कर्ता ठेवा आणि घडलेली गोष्ट ठेवा, स्वभाव मात्र ठेवू नका. "तू आळशी झाला आहेस" हा आरोप आहे. "सोमवारपासून चार दिवस तू मापं न घेता पत्रक भरलं आहेस, हे बघ" ही घडलेली गोष्ट आहे. एवढे बोलून पत्रके त्याच्याकडे सरकवा आणि गप्प बसा. ही शांतता फार जड असते आणि ती भरून काढण्यासाठी आपणच "कामाचा ताण असेल म्हणा" असे काहीतरी बोलून त्याला उत्तर पुरवतो. तसे करू नका. त्याला पत्रक बघू द्या.

यापुढचा टप्पा मला अनेक वर्षे जमला नाही. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण काळजी करणारी माणसे इथेच चुकतात.

फार पूर्वी, दुसऱ्या एका कारखान्यात, चाळिशीतला एक ऑपरेटर माझ्या पाळीत होता. त्याचा हात अतिशय चांगला होता. त्याच्याही पत्रकात असाच एक आकडा उभा उतरलेला दिसला. मी विचारल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "साहेब, आईचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा. रात्री झोप नाही." मला गलबलून आले. मी पत्रक उचलून बाजूला ठेवले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जा, बघ जरा." त्यानंतर पाच महिने मी तो विषय काढला नाही आणि याला मी माणुसकी समजत होतो. मग एका लॉटमधील पीसांत ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर पीन बसेना. माल परत आला आणि व्यवस्थापनाने त्याला कामावरून कमी केले. शेवटच्या दिवशी तो एवढेच म्हणाला, "साहेब, त्या दिवशी तुम्ही पत्रक बाजूला ठेवलंत, तेव्हा मला वाटलं, असं चालतं."

तेव्हापासून माझा एक नियम आहे: समोरचा कितीही दुःखाची गोष्ट सांगो, पत्रक टेबलावरून हलवायचे नाही.

याचा अर्थ दुःख कानाआड करायचे असा मुळीच नाही. उलट, आधी तेच पूर्ण ऐकून घ्या आणि त्यावर हाताशी असलेले ठोस काहीतरी करा, कारण नुसत्या "काळजी घे"ने त्याला रात्रीची झोप मिळत नाही. पाळी बदलता येईल का ते पाहा. ज्याचा पगार महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत आहे तो कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) येतो. त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांवरही त्यात उपचार होतात, आणि तो स्वतः आजारी पडला तर अटी पूर्ण असल्यास वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के दराने आजारपणाचा भत्ता मिळतो. कितीतरी कामगारांच्या खिशात ईएसआयचे कार्ड असते आणि आईला मात्र ते कर्ज काढून खासगी दवाखान्यात नेत असतात. हे त्याला समजावून सांगा आणि कागदपत्रांसाठी कार्यालयातील माणूस सोबत द्या.

हे सगळे झाल्यावर थोडे थांबा आणि पुन्हा पत्रकावर बोट ठेवा. "आईचं आपण आत्ता ठरवलं. आता हे. झोप झाली नसेल त्या दिवशी मला येऊन सांग, मी मशिनवर दुसरा माणूस देईन. पण न मोजता आकडा लिहायचा नाही, एकदाही नाही." हे वाक्य म्हणताना घशात आवंढा येतो, निदान मला अजूनही येतो. तरी ते म्हणायचेच. अडचणीतल्या माणसाची अडचण सोडवण्यासाठी हवी ती मदत करावी, परंतु त्याच्या कामाचे माप त्यासाठी सैल करू नये. सैल केलेल्या मापाची किंमत शेवटी त्याच्याकडूनच वसूल होते आणि तोवर त्याला सावध करणारे कोणी उरलेले नसते.

काही जण रडतात, त्यांना पाणी द्या आणि थांबा. काही जण "बाकीचे पण असंच करतात" म्हणतात, त्यावर "त्यांच्याशी मी बोलेन, आत्ता तुझं बोलू" एवढेच पुरे, आणि मग त्यांच्याशी खरोखर बोला. "साहेब, पुन्हा नाही होणार" असे पटकन म्हणून उठणाऱ्याला मात्र परत बसवा. मापे घ्यायची का राहतात, हे त्याच्या तोंडून आल्याशिवाय ते बोलणे संपलेले नसते.

पुढे काय करायचे हे त्याला ठरवू द्या. तुम्ही फक्त दिवस आणि वेळ पक्की करा.

सगळ्याच चुका अशा बोलून मिटवायच्या नसतात. चोरी, मारामारी, दारू पिऊन मशिनवर येणे किंवा मशिनचे सुरक्षा कवच मुद्दाम काढणे अशा बाबतीत कारणे दाखवा नोटीस आणि रीतसर चौकशी हाच मार्ग आहे. लैंगिक छळाची तक्रार आली तर 2013 च्या कायद्यानुसार, दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी, ती अंतर्गत समितीकडेच गेली पाहिजे. तिथे "दोघांना समोरासमोर बसवून मिटवतो" म्हणणारा पर्यवेक्षक तक्रार करणाऱ्या बाईवर दुसरा अन्याय करतो. बोलूनही पत्रके खोटीच येत राहिली तर पुढचे लेखी द्या, आणि लेखी देणार आहात हे त्याला आधी तोंडी सांगा. कागद अचानक हातात पडू नये.

ठरल्या वेळी न चुकता मशिनपाशी जा. बहुतेक पर्यवेक्षक इथेच ढिले पडतात, आणि तुम्ही गेला नाहीत की ते बोलणे केवळ बोलणेच होते असा अर्थ तो काढतो. पत्रक बघा: 25.015, 25.012, 25.008, मग बाजूला बारीक अक्षरात "ऑफसेट दिला", आणि पुढे 25.014. आकडे असे हलताना दिसले की शेवटचा पीस स्वतः एकदा मोजा, आईची तब्येत विचारा आणि पत्रकावर सही करून पुढच्या मशिनकडे वळा.