सीपी विषमतेचं गणित: कुठून सुरुवात कराल

मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात भौतिकशास्त्राच्या एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट निवडायची वेळ आली की कुणीतरी विचारतंच, "विश्वात द्रव्यच का उरलं, यावर काम करायचंय. काय वाचू?" मी सांगते, सीपी विषमतेपासून सुरुवात करा, म्हणजे कण आणि त्याचा उलट गुणधर्मांचा जोडीदार असलेला प्रतिकण यांच्या क्षयांच्या प्रमाणातल्या फरकापासून; द्रव्य का उरलं याचा एक धागा तिथेच आहे. त्यासाठी आधी दोन अँप्लिट्यूडची (ज्यांच्या वर्गातून घटनेची शक्यता मिळते त्या संख्यांची) बेरीज हाताने करा.

बी मेसॉन (बॉटम क्वार्क असलेला अल्पायुषी कण) क्षय पावून एकाच अंतिम अवस्थेत दोन वाटांनी जात असेल तर अँप्लिट्यूडची बेरीज आधी करायची, वर्ग नंतर. या वाटांना आमच्याकडे ट्री आणि पेंग्विन म्हणतात. त्यांच्या अँप्लिट्यूडमध्ये दोन प्रकारचे फेजफरक, म्हणजे कोनांतले फरक, असतात. वीक फेज, म्हणजे क्षय घडवणाऱ्या क्षीण बलातली, कोबायाशी आणि मास्कावा यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या मॅट्रिक्समधून येते आणि प्रतिकणासाठी चिन्ह बदलते. स्ट्राँग फेज, म्हणजे क्वार्कांना बांधणाऱ्या तीव्र बलातली, कण आणि प्रतिकण दोघांसाठी सारखीच राहते. विषमतेच्या सूत्रात अंशात येतं दोनदा अँप्लिट्यूडचं गुणोत्तर, गुणिले दोन्ही फेजफरकांचे साइन. छेदात एक, अधिक गुणोत्तराचा वर्ग, अधिक दोनदा गुणोत्तर गुणिले दोन्ही कोसाइन.

सरावाला गुणोत्तर ०.१, स्ट्राँग फेज ३० अंश, वीक फेज ७० अंश घ्या. अंश ०.०९४, छेद १.०६९, विषमता जवळपास ९ टक्के. आता स्ट्राँग फेज शून्य करा. उत्तरही शून्य! वीक फेज कितीही मोठी असली तरी. नवखी मुलं सगळं लक्ष वीक फेजवर देतात, कारण पुस्तकात तीच दिमाखात येते. पण खरी झटापट स्ट्राँग फेजशी असते. क्वार्कांचे हॅड्रॉन (क्वार्क बांधून बनलेले कण) होताना जे घडतं ते नेमकं मोजून काढणं फार अवघड आहे.

प्रयोगाची बाजू मला जास्त जवळची. १०,००० क्षयांपैकी ५,४०० कणाचे आणि ४,६०० प्रतिकणाचे निघाले, तर विषमता ८ टक्के आणि सांख्यिकी त्रुटी सुमारे १ टक्का. एवढ्यावर खूश होऊ नका. डिटेक्टरही द्रव्याचाच बनलेला. त्यात क्षयातून निघालेले ऋण केऑन (स्ट्रेंज क्वार्क असलेले मेसॉन) धन केऑनपेक्षा जास्त शोषले जातात, म्हणजे विषमता काही अंशी यंत्राचीच असू शकते. सर्नच्या एलएचसी या कणवेगवर्धकात प्रोटॉनांची टक्कर होत असल्याने कण आणि प्रतिकण मुळातच समसमान तयार होत नाहीत. म्हणूनच तिथल्या एलएचसीबी प्रयोगाने २०१९ मध्ये चार्म मेसॉनांत (चार्म क्वार्क असलेल्या कणांत) सीपी उल्लंघन, म्हणजे अशी खरीखुरी विषमता, दाखवताना दोन क्षयांच्या विषमतांची वजाबाकी केली. दोन्हींत सारखी असलेली खोट त्यात कटते. उरलेला फरक हजारात दीडच, पण पक्का. मला ही वजाबाकी अतिशय सुंदर वाटते.

मुंबईकरांना हे काम दूरचं नाही. कुलाब्याच्या टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) गट जपानमधल्या बेल आणि बेल टू या बी मेसॉनांवरच्या प्रयोगांत आहे. बेल टूच्या सिलिकॉन व्हर्टेक्स डिटेक्टरचा (कण नेमका कुठे क्षय पावला ते टिपणाऱ्या यंत्राचा) चौथा थर त्यांनीच जुळवला. तिथे पीएचडीसाठी प्रवेशपरीक्षा असते, उन्हाळी प्रोजेक्टसाठी वेगळा अर्ज. पायथन आणि रूट (कणभौतिकीतलं डेटा-विश्लेषणाचं सॉफ्टवेअर) मात्र आधीच हाताखालून जाऊ द्या.

त्या गटाला स्वतःची ओळख करून देणारा मेल लिहिण्याआधी एक गणित सोडवा. बी-शून्य या विद्युतभार नसलेल्या बी मेसॉनाच्या केऑन-पायॉन क्षयात (पायॉन म्हणजे सर्वांत हलका मेसॉन) विषमतेचं मान सुमारे ८ टक्के आहे, बी-एसच्या (स्ट्रेंज क्वार्कही असलेल्या बी मेसॉनाच्या) तशाच क्षयात सुमारे २२ टक्के. वरचेच कोन ठेवून गुणोत्तर किती लागेल ते काढा, आणि तो कागद मेलला जोडा.