कमरेला परवान्याचं पिस्तूल लावताय? या चुका टाळा

पॉइंट ३२ मापाचं रिव्हॉल्व्हर हातात आलं की पहिल्याच आठवड्यात नवा परवानाधारक तीन गोष्टी हमखास करतो. चार मित्रांना ते काढून दाखवतो, होल्स्टर (शस्त्राची पट्ट्याला लावायची म्यान) न घेता तसंच कमरेला खोसतो आणि शेतात जाऊन एखादा बार उडवून बघतो. पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीने परवाना जातो, दुसरीने मांडीत गोळी जाते. मोंढ्यातले आडते, पेट्रोल पंपवाले, सराफ, ठेकेदार यांच्याकडे रोकड असते, रात्रीचा प्रवास असतो, त्यामुळे त्यांची गरज खरी असते. पण शस्त्र घेण्यासाठी वर्षभर कचेरीच्या पायऱ्या झिजवणारा माणूस ते वापरायचं कसं हे शिकायला दोन दिवस काढत नाही, हे बघून जीव तुटतो.

आधी एक मूळ गैरसमज. शस्त्र लपवून बाळगण्याचा वेगळा परवाना असतो, असं अनेकांना वाटतं. आपल्याकडे असा प्रकार नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा बॅगेत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असलं पाहिजे. म्हणजे झाकणं ही सवलत नाही, ते बंधन आहे. शर्ट खोचून मूठ लोकांना दिसेल अशी ठेवणारे नेमकं हेच बंधन मोडतात. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यावर बीड जिल्ह्यातल्या परवान्यांची फेरतपासणी झाली आणि मोठ्या संख्येने परवाने रद्द झाले. गरज खरी असलेल्यांनाही तेव्हापासून जास्त प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात, ती अशा मिरवणाऱ्यांमुळेच.

"नुसतं दाखवलं की पळतेत"

सगळ्यात महाग पडणारा समज हाच. कसा महाग पडतो ते पाहा. रात्रीची वेळ, जिंतूर रस्त्यावरचा ढाबा, गाडीला गाडी घासली. समोर पाच-सहा पोरं, आवाज चढलेले. आपला माणूस शर्ट वर करतो आणि रिव्हॉल्व्हर बाहेर काढून खाली धरून उभा राहतो. गोळी झाडायचा त्याचा विचार नसतो. पण समोरच्या दोघांच्या हातात मोबाईल चालू असतात. भांडण कोणी सुरू केलं, शिवी आधी कोणी दिली, यातलं चित्रफितीत काही येत नाही. येतो तो फक्त शस्त्र घेतलेला हात. पोरं थेट ठाण्यात जातात. जिवे मारण्याची धमकी म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ लागतं, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सोबत परवान्याच्या अटी मोडल्या म्हणून शस्त्र अधिनियमाचं कलम ३० लागतं. रिव्हॉल्व्हर पंचनामा करून जप्त होतं, कलम १७ खाली परवाना निलंबित होतो आणि खटला संपेपर्यंत शस्त्र मुद्देमाल खोलीत पडून राहतं. ज्या रोकडीसाठी ते घेतलं होतं, ती रोकड घेऊन तोच माणूस पुढची कित्येक वर्षं बिनशस्त्राचा फिरतो.

धाक दाखवण्यात दुसरा धोका अंतराचा आहे. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये मांडलेला हिशेब या विषयातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवा: सुरा घेतलेला धडधाकट माणूस २१ फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर अंतर, सुमारे दीड सेकंदात कापतो. सराव असलेल्या माणसालाही होल्स्टरमधून शस्त्र काढून झाडायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. ढाब्यावरच्या भांडणात समोरचा चार-पाच फुटांवर असतो. तिथे बाहेर काढलेलं शस्त्र त्याच्या हाताच्या टप्प्यात असतं, आणि झोंबाझोंबीत नळी कोणाकडे वळेल हे तुमच्या हातात राहत नाही.

म्हणून सरळ नियम ठेवा. झाडण्याची वेळ आलेली नसेल तर हात शर्टाखाली जाताच कामा नये. वाद वाढतोय असं दिसलं की गाडीत बसा, काचा वर करा, निघा, ११२ लावा. यात कमीपणा वाटत असेल तर परवान्यासाठी अर्ज करू नका. शस्त्र बाळगणाऱ्याने शिवी गिळायला शिकलंच पाहिजे, यावर माझी तडजोड नाही.

"रिकामं आहे ते"

घरात होणाऱ्या अपघातांची सुरुवात बहुतेक वेळा या वाक्याने होते, आणि पिस्तुलात त्यामागे एकच ठरावीक चूक असते. क्रम चुकतो. माणूस आधी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढतो, चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला बसलेलं काडतूस उडून बाहेर पडतं, तो खूश होतो. मग मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची पेटी काढतो. पण स्लाइड पुढे जाताना तिने मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये ढकललेलं असतं. आता मॅगझिन हातात आहे, एक काडतूस पलंगावर पडलेलं दिसतं आहे, सगळं रिकामं झाल्याचा भास पक्का आहे आणि नळीत गोळी तयार आहे. मॅगझिन काढल्यावर घोडा दाबला तर बार उडत नाही, असंही काहींना वाटतं. अनेक बनावटींमध्ये तो उडतो.

बरोबर क्रम असा. बोट घोड्यापासून दूर, नळी भिंतीकडे नको, जमिनीकडे किंवा वाळू भरलेल्या बादलीकडे. आधी मॅगझिन काढून दूर ठेवा. मग स्लाइड दोन-तीन वेळा पूर्ण मागे ओढा. नंतर स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून चाचपा. अंधारात डोळा फसतो, बोट फसत नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून उघडतं. खटका दाबून नळी खाली वाकवली की सहाही काडतुसं एकदम वर येतात. ती हातात मोजा. सहा भरली होती आणि पाचच निघाली तर सहावं कुठे आहे ते सापडेपर्यंत पुढचं काही करू नका. दुसऱ्याने "रिकामं आहे" म्हणून हातात दिलेलं शस्त्रसुद्धा हाच सगळा क्रम करून बघायचं. वडिलांनी दिलं असलं तरी.

सफाई करताना काडतुसं त्या खोलीत ठेवायची नाहीत. शेजारच्या खोलीत, कपाटात, कुलपात. हा एक नियम पाळला तरी निम्मी काळजी मिटते.

होल्स्टर, घाम आणि पत्रा

कमरेला खोसण्यासारखं वाईट काही नाही. पॅंटचा काठ, शर्टाचं टोक, किल्लीचा जुडगा, यातलं काहीही घोड्याभोवतीच्या कडीत अडकतं. होल्स्टर असा घ्या की घोड्याची कडी पूर्ण झाकली जाईल, शस्त्र उलटं धरून हलवलं तरी पडणार नाही आणि रिकामं झाल्यावर तोंड मिटणार नाही. पट्टा जाड, ताठ, दीड इंची. साध्या पट्ट्यावर सातशे-आठशे ग्रॅमचं लोखंड लोंबतं, मग माणूस दर पाच मिनिटांनी ते वर ओढतो आणि सगळ्या मोंढ्याला कळतं की कमरेला काय आहे. बायकांनी पर्समध्ये ठेवायचं असेल तर स्वतंत्र कप्पा हवा, त्यात दुसरं काहीही नको. २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून आलेलं निर्भीक रिव्हॉल्व्हर हलकं आहे म्हणून ते मेकअपच्या डबीशेजारी सुटं टाकायचं, हे घातक आहे.

आपल्याकडचा उन्हाळा शस्त्राचा वैरी आहे. एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो, अंगाला चिकटलेल्या शस्त्रावर घामाचं मीठ बसतं आणि मुठीच्या स्क्रूभोवती दोन दिवसांत तांबूस डाग दिसतात. रोज रात्री कोरड्या सुती फडक्याने पुसा, आठवड्याला बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल ओतू नका, ते धूळ धरतं. चामड्याच्या होल्स्टरमध्ये शस्त्र महिनोन्महिने ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि आतून गंज चढतो. काडतुसांना तेल अजिबात लागू देऊ नका. तेल काडतुसाच्या बुडाच्या टोपीतून आत झिरपलं की ऐनवेळी नुसती टिक वाजते.

टिक वाजली तर? नळी सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबा, मगच उघडा, कारण बार उशिरानेही उडू शकतो. आणि बार फुस्स वाजला, हाताला धक्का नेहमीपेक्षा कमी लागला, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी गेली तर नळी फुटते.

काडतुसांतला एक घोळ पुन्हा पुन्हा दिसतो. रिव्हॉल्व्हर पॉइंट ३२ आणि पिस्तूलही पॉइंट ३२, म्हणून गोळ्या एकच, असं समजून घेणारे आहेत. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची पुंगळी २३ मिलिमीटरची असते, पिस्तुलाची १७ मिलिमीटरची. दुकानात शस्त्राचा प्रकार सांगून मागा. आणि ९ मिमी किंवा पॉइंट ३८ कुठून मिळेल हे विचारत फिरू नका, ती सामान्य परवान्यावर मिळत नाहीत.

गोळी कुठे थांबेल याचाही विचार कोणी करत नाही. पॉइंट ३२ ला कमी लेखतात, पण पत्र्याची भिंत किंवा प्लायवूडचं दार ती गोळी सहज पार करते. पत्र्याच्या घरात चोराच्या दिशेने झाडलेली गोळी शेजाऱ्याच्या लेकराच्या अंथरुणापर्यंत जाऊ शकते.

हद्द ओलांडताना

मराठवाड्याच्या लोकांनी हे नीट वाचावं. परवान्यावर क्षेत्राचा रकाना असतो. तिथे "महाराष्ट्र राज्य" लिहिलं असेल तर ते तिथपर्यंतच. उदगीरहून बिदर, देगलूरहून हैदराबाद, धर्माबादहून बासरला दर्शनाला, किनवटहून आदिलाबाद, उमरग्यावरून पुढे कर्नाटकात, हे आपल्याला घरचे रस्ते वाटतात. नात्यागोत्याने ते घरचेच आहेत. पण राज्याची कमान ओलांडली की ते शस्त्र तिथे विनापरवाना ठरतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्राला किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. "चुकून गाडीत राहिलं" हे नाकाबंदीवर कोणी ऐकत नाही. नेहमी जाणं असेल तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयात, संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालयात, क्षेत्र वाढवून घेण्याचा अर्ज करा. तोवर घरी कुलपात.

थोडक्यात सांगण्यासारख्या आणखी काही गोष्टी:

वरातीत बार उडवू नका. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शस्त्र ड्रायव्हरकडे, मेव्हण्याकडे, पुतण्याकडे "जरा सांभाळ" म्हणून देऊ नका. परवाना माणसाचा असतो, घराण्याचा नाही. परवानाधारक वारला तर शस्त्र विनाविलंब ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करा, मग वारसाने अर्ज करावा.

प्यायच्या बैठकीला शस्त्र न्यायचं नाही. यावर चर्चा नको.

परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी करा.

निवडणुकीत जमा करण्याची नोटीस आली तर वाद घालत बसू नका, जमा करा. पण शस्त्र क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घेतल्याशिवाय ठाण्याबाहेर पडू नका.

गावठी कट्टा "स्वस्तात" घेणाऱ्याशी संबंध ठेवू नका.

चोर पळताना

भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. जीव घेण्यापर्यंतचा हक्क कलम ३८ मध्ये मोजक्याच प्रसंगी मिळतो: मृत्यूची किंवा जबर दुखापतीची खरी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला असे. कलम ३७ सांगतं की पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. भीती संपली की हक्क संपला. मोंढ्यातून निघताना दोघांनी सुरा दाखवून पिशवी हिसकावली, तोवर हक्क आहे. ते मोटारसायकलवर बसून शंभर फूट पुढे गेले, तुम्ही मागून झाडली आणि शवविच्छेदनात जखम पाठीत निघाली, तर आरोपी तुम्ही. पिशवीत पाच लाख होते हे तिथे कामाला येत नाही. रोकडीचा विमा काढा, ती भरून येते.

खरोखर झाडावं लागलंच, तर पुढचा अर्धा तास महत्त्वाचा. ११२ ला स्वतः फोन करा आणि जखमीसाठी १०८ बोलवा, तो हल्लेखोर असला तरी. पळून जाऊ नका. खाली पडलेल्या पुंगळ्या उचलू नका, रिव्हॉल्व्हर उघडून रिकामं करू नका, नळी पुसू नका, हात धुऊ नका; हातावरचे आणि कपड्यांवरचे बारुदाचे कण तुमच्या बाजूचाही पुरावा असतात. कोण कुठे उभं होतं, त्याच्या हातात काय होतं, एवढंच सांगा आणि सविस्तर जबाबाआधी वकील बोलवा. स्वसंरक्षण होतं हे दाखवण्याचा भार कायद्याने तुमच्यावर असतो, म्हणून आजूबाजूचे कॅमेरे आणि साक्षीदार पोलिसांना तेव्हाच दाखवून द्या. जप्ती पंचनाम्यावर सही करण्याआधी शस्त्राचा क्रमांक परवान्याशी पडताळा, भरलेली काडतुसं आणि झाडलेल्या पुंगळ्या वेगवेगळ्या मोजून लिहिल्या आहेत का ते वाचा, आणि प्रत मागून घ्या.