जुळ्यांना अंगावर पाजताना या चुका टाळा

जुळं झालं की घरात पहिला प्रश्न येतो, "दोघांना कसं पुरणार?" आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच पावडरीचा डबा आणला जातो. सगळ्यात महागात पडते ती हीच घाई. जितकं दूध ओढलं जातं, तितकंच नवं तयार होतं. वरचं दूध दिलं आणि त्या वेळी छाती रिकामी केली नाही, तर दूध खरोखरच कमी होत जातं. मग "बघा, पुरत नव्हतंच" असं सगळे म्हणतात आणि त्या बाईला ते खरं वाटतं. बाळाचं वजन किंवा रक्तातली साखर कमी आहे म्हणून डॉक्टरांनी वरचं सांगितलं, तर जरूर द्या, वाटी-चमच्याने द्या. पण त्याच वेळी हाताने किंवा पंपाने आपलं दूध काढत राहा.

दूध पुरतंय की नाही, हे रडण्यावरून किंवा छाती मऊ लागते यावरून ठरवू नका. पाचव्या दिवसानंतर प्रत्येक बाळ २४ तासांत निदान ६ वेळा शू करतंय आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून आलंय, म्हणजे पुरतंय. दोघांची नोंद मात्र वेगवेगळी ठेवा. एकत्र मोजलं की एकाचं कमी पडणं दुसऱ्याच्या आड लपतं.

जास्त लक्ष हवं ते शांत बाळाकडे. जुळी पुष्कळदा ३७ आठवड्यांच्या आतच जन्मतात, आणि अशी बाळं भूक लागली तरी झोपून राहतात. "किती गुणी, त्रासच देत नाही" असं कौतुक करत बसू नका. दर दोन-तीन तासांनी उठवा: दुपटं सोडा, तळपाय चोळा, उघड्या छातीशी धरा. तरी उठत नसेल, ओढत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एखादं बाळ दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत असेल, तर ते बाहेर येईपर्यंत थांबू नका. प्रसूतीनंतर सहा तासांच्या आत चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, काढायला लागा. थेंबभर निघाला तरी तो बाळाचाच. पुढे दिवसातून आठेक वेळा, त्यात रात्री एकदा तरी. तोवर दूधपेढीची, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध जिथे मिळतं तिची, चौकशीही करा. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ पासून अशी पेढी आहे.

दोघांना एकदम पाजायची घाईही नको. आधी एकेकाला नीट तोंडात धरता येऊ द्या, मग दोन्ही काखांखाली एकेक, पाय आपल्या पाठीकडे, खाली घट्ट उशा. दोघांची ओढ सारखी नसते, म्हणून रोज बाजू बदला.