दोन्ही खुबे एकदम बदलायचे असतील तर आधी दंड तयार करा

एक खुबा बदलणाऱ्याला दुसरा पाय असतो. उठताना, पायरी चढताना तो भार घेतो. एव्हीएनमुळे (रक्तपुरवठा तुटून खुब्याचं हाड मरतं, तो आजार) माझे दोन्ही खुबे झिजले आणि एकाच भुलीत बदलले; 'चांगला पाय' उरलाच नाही. सगळी मदार दंडांवर. म्हणून तारीख मिळाली की हातांच्या खुर्चीत बसा, तळवे टेकवा आणि बूड वर उचला. रोज. मला याचा जितका उपयोग झाला तितका दुसऱ्या कशाचाच नाही.

एकदम करायचं का, हे सर्जनइतकंच भूलतज्ज्ञही ठरवतात. ऑपरेशन लांबतं, रक्त जास्त जातं. हृदय किंवा फुप्फुसं धड नसतील तर दोन टप्पे बरे. हिमोग्लोबिन आधी तपासा. किडका दात, लघवीचा संसर्ग लपवू नका. जंतू रक्तातून नव्या सांध्यात जाऊन बसतात. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका.

घरी कमोडवर उंच सीट, हातांची उंच खुर्ची आणि वस्तू उचलायला लांब दांड्याचा चिमटा हवाच. पायपुसणी, वायरी उचला.

सांधा मागून उघडला की समोरून, हे विचारून ठेवा. पथ्यं त्यावर ठरतात. माझा मागून. त्यामुळे खुबा 90 अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय नाही, पाऊल आत वळवायचं नाही. झोपताना पायांमध्ये उशी. (पाठीवर झोपून कंटाळा येतो, येऊ द्या.) मोजे कुणाकडून तरी घालून घ्या, लाजण्यापेक्षा सांधा निखळणं महाग पडतं.

उठताना खुर्चीच्या कडेला सरका, पाय किंचित पुढे ठेवा आणि खुर्चीच्या हातांवर रेटा देऊन उठा. वॉकर धरून स्वतःला ओढू नका, तो उलटतो. उभं राहिल्यावरच वॉकर धरा. वळताना गिरकी नको, छोटी छोटी पावलं टाका. जिन्यावर कुठला पाय आधी, हे फिजिओथेरपिस्ट दोन्ही पायांचा जोर पाहून सांगतील.

पोटरी सुजून दुखली, जखमेतून पाणी आलं किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. धाप लागली, छातीत दुखलं, किंवा अचानक कळ येऊन एक पाय आखूड दिसू लागला, तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.