कार्बनचा हिशेब: नोंदवही एकच, मानकं अनेक

‘जीएचजी प्रोटोकॉल घ्यायचा, आयएसओ की बीआरएसआर?’ हा प्रश्न कार्बन उत्सर्जन मोजायला बसलेल्या बहुतेक कंपन्या पहिल्याच दिवशी विचारतात आणि तिथेच वाट चुकतात. ही तिन्ही एका जातीची नाहीत. जीएचजी प्रोटोकॉल (२००१, सुधारित आवृत्ती २००४) हरितगृह वायू मोजायचे कसे ते सांगतो. आयएसओ १४०६४-१ (सध्याची आवृत्ती २०१८ची) तीच मोजणी पडताळणीला टिकेल अशा शिस्तीत मांडायला लावतं. खुद्द पडताळणीची रीत १४०६४-३ मध्ये आहे. बीआरएसआर हा सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचा, पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीच्या अहवालाचा नमुना आहे, बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बंधनकारक. गोव्यात वेर्ण्यातला लहान कारखाना सूचीबद्ध नसला, तरी त्याचा मोठा ग्राहक हेच आकडे मागतो.

म्हणून मानक निवडण्याआधी नोंदवही नीट करा. तिच्यात टनांत काढलेलं उत्सर्जन नको, मूळ मोजमाप हवं: किती लिटर, किती किलो, किती युनिट, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. मूळ आकडा हाताशी असला की कोणत्याही नमुन्यात बसवता येतो. नुसता टनांचा आकडा उरला, तर गुणक (मोजमापाला ज्याने गुणून उत्सर्जन काढतात तो आकडा) बदलल्यावर सगळं पुन्हा खणावं लागतं.

एक वर्षाचं उदाहरण घेऊ. वीज १,२०,००० युनिट, जनरेटरचं डिझेल ४,००० लिटर, एसीत गळतीमुळे पुन्हा भरलेला आर-४१०ए वायू ६ किलो.

विजेला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा देशभराच्या ग्रिडचा गुणक लावा. २०२३-२४ साठी तो युनिटमागे ०.७२७ किलो आहे, म्हणजे ८७.२ टन. गोव्यासाठी वेगळा गुणक शोधत बसू नका. ग्रिड एकच आहे. डिझेल लिटरमागे साधारण २.६८ किलो, म्हणजे १०.७ टन. आणि तो ६ किलो वायू? आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या पाचव्या अहवालाच्या गुणकाने ११.५ टन, सहाव्याच्या गुणकाने १३.५ टन. सहा किलोचा वायू चार हजार लिटर डिझेलला मागे टाकतो, आणि नेमकी हीच नोंद राहून जाते, कारण ती इंधनाच्या खात्यात नसून एसी दुरुस्तीच्या बिलात असते. मेकॅनिककडून भरलेल्या वायूचं नाव आणि वजन बिलावर लिहून घ्याच. जुन्या एसीतला आर-२२ मात्र जीएचजी प्रोटोकॉलमध्ये स्कोप १ मध्ये, म्हणजे स्वतःच्या थेट उत्सर्जनात, धरत नाहीत. तो वेगळा दाखवतात.

डिझेलमध्ये चूक होते ती खरेदी म्हणजेच वापर असं धरल्याने. पावसाळ्यात वीज जाणार म्हणून मे महिन्यात पिंपं भरून ठेवतात. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी उणे अखेरचा साठा, हाच खरा वापर. वीज खात्याच्या बिलाच्या तारखाही १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षाशी जुळत नाहीत. दोन टोकांची बिलं दिवसांच्या प्रमाणात तोडा.

काजूच्या कारखान्यात बॉयलरखाली टरफलं जळतात, बेकरीच्या भट्टीत लाकूड. त्यांचा कार्बन डायऑक्साइड जैविक म्हणून वेगळा नोंदवायचा असतो, स्कोप १ च्या बेरजेत घ्यायचा नाही. पण त्याच धुरातला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड स्कोप १ मध्येच येतो. ‘लाकूड आहे, शून्य लिहा’ हा सल्ला ऐकू नका.

आता मानकांतला फरक. जीएचजी प्रोटोकॉलचे तीन स्कोप: थेट उत्सर्जन, विकत घेतलेली वीज आणि बाकीचं अप्रत्यक्ष उत्सर्जन; त्यातल्या तिसऱ्यात १५ प्रकार. आयएसओचे सरळ सहा वर्ग. मांडवीतून माल नेणारी बार्ज तुमची असेल तर तिचं डिझेल दोन्हींकडे थेट उत्सर्जन. वाहतूकदाराला पैसे देऊन माल पाठवलात, तर प्रोटोकॉलमध्ये स्कोप ३ चा चौथा प्रकार, आयएसओत तिसरा वर्ग. नोंदवहीत प्रत्येक ओळीपुढे हे दोन्ही क्रमांक लिहून ठेवले की पुढचं काम निम्मं होतं.

हरित वीज विकत घेत असाल तर २०१५ च्या स्कोप २ मार्गदर्शिकेनुसार दोन आकडे द्यावे लागतात: एक ग्रिडच्या गुणकाने, दुसरा कराराप्रमाणे. आयएसओत ग्रिडचा आकडा मुख्य, कराराचा जोडीला. फक्त करारातलं शून्य दाखवलेला अहवाल दोन्हींकडे अपुरा ठरतो.

युरोपात येणाऱ्या मालाच्या कार्बनवर शुल्क लावणाऱ्या यंत्रणेची, म्हणजे सीबीएएमची, गोष्ट निराळी. तिचा अंतिम टप्पा १ जानेवारी २०२६ पासून लागू आहे. आमोणे-नावेलीतल्यासारखं पिग आयर्न युरोपला जात असेल, तर कंपनीची वार्षिक बेरीज तिथे चालत नाही. टनभर मालामागे किती उत्सर्जन, हे विचारतात. त्यासाठी मीटर प्रक्रियेनुसार वेगळे हवेत, आणि ते वर्षाच्या सुरुवातीलाच बसवायला हवेत.

शेवटी आधारवर्ष, म्हणजे ज्याच्याशी पुढची वर्षं ताडून पाहतात ते वर्ष. कारखाना विकला, दुसऱ्याचा चालू कारखाना विकत घेतला किंवा मोजणीची रीत बदलली, तर जुनं वर्षही पुन्हा मोजावं लागतं. किती फरक पडला की पुन्हा मोजायचं, ती मर्यादा प्रोटोकॉल ठरवून देत नाही. ५ टक्के ठेवा आणि पहिल्याच वर्षी लेखी नोंदवा; नंतर ठरवलेली मर्यादा पडताळणारा मान्य करेलच असं नाही.